नावाड्याच्या गोष्टीतले शब्द

भाकरी थापता थापता काशम्मा बिराजदार ‘बेनेव्होलन्ट, बेनेव्होलन्ट’ असं पुटपुटू लागली, तेव्हा गल्लीनं ठरवून टाकलं की नवऱ्याच्या आजारपणानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. गल्लीला दोष तरी कसा द्यायचा? बाईचं शिक्षण अक्कलकोटकडच्या एका खेड्यात, कानडी शाळेत, सातवीपर्यंत. घरात बोलणं कानडी, दारात बोलणं मराठी आणि इंग्रजी म्हणजे नवऱ्याचं काम. त्या भाषेला तिनं जन्मात हात लावला नव्हता. आणि आता सकाळी सकाळी हात ज्वारीच्या पिठात, ओट्यावर मोबाइल उभा केलेला, त्यातून पुण्याच्या लेकीचा आवाज आणि काशम्माच्या तोंडी साहेबाच्या देशातले जुनेपुराणे शब्द. दूध घालायला आलेली बाई दारातच थबकायची आणि पातेलं भरून मुकाट निघून जायची.

वेडबीड काही लागलं नव्हतं. उलट त्या घरात त्या दिवसांत सगळ्यात धड डोकं काशम्माचंच होतं. फक्त त्या डोक्याला काही वाटत नव्हतं, एवढंच.

तिचा नवरा सोमशेखर बिराजदार, म्हणजे बिराजदार सर. सोलापुरातल्या एका हायस्कुलात त्यांनी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात काढली. शहरात रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत कुणीही त्यांना भर रस्त्यात वाकून नमस्कार करायचं आणि ते त्या नमस्काराच्या बदल्यात एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायचे. वकिलाला आला नाही तर तिथंच झाडायचे. शिस्तीचा माणूस, जरा फार शिस्तीचा. काशम्मासुद्धा त्यांचा उल्लेख ‘सर’ असाच करायची.

सरांचं एक खूळ होतं. नाताळची एक इंग्रजी गोष्ट, राणीच्या काळातली. एकेकाळी ती दहावीच्या पुस्तकात होती. पुस्तक बदललं, पुन्हा बदललं, गोष्ट केव्हाच गेली, पण सर ती सोडायला तयार नव्हते. डिसेंबर लागला की अभ्यासक्रम बाजूला सारायचा आणि जुन्या पानांच्या झेरॉक्स वाटायच्या. गोष्ट तशी साधी. एक म्हातारा नावाडी असतो. बायको वारल्यापासून तो कुणाशी बोलत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी नदीवर धुकं दाटतं आणि पलीकडच्या काठावर त्याला कुणीतरी दिवा घेऊन उभं असलेलं दिसतं. गोष्ट साधी, पण शब्द असे की पोरांच्या दातांचा भुगा व्हावा. सरांचा सगळा जीव त्या शब्दांवर. आधी शब्द म्हणायचा, मग अर्थ, मग वाक्य. ‘वर्ड, मीनिंग, सेंटेन्स,’ असं सर टेबलावर डस्टर आपटत म्हणायचे आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा. ज्या गावात डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागतो, तिथली पोरं बर्फाचे आणि धुक्याचे शब्द घोकायची. हेडमास्तर येत गेले, प्रत्येकानं एकदा समजावून बघितलं आणि नाद सोडला.

निवृत्त झाल्यावर सर घरी बसले आणि दुसऱ्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी अंघोळ करून लिंगपूजेला बसले असताना बसल्या जागी कलंडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत बोलण्याची जी जागा असते तिथंच रक्ताची गाठ अडकली. माणूस वाचला, पण बोलणं परत येईल की नाही ते सांगता येत नाही.

त्या दिवसापासून काशम्माला काही वाटेनासं झालं. नातेवाईक भेटायला आले, गळ्यात पडून रडले, ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. नणंद म्हणाली, एकदा रडून घे, मोकळी हो. तिनं खरंच प्रयत्न केला, न्हाणीत जाऊन उभी राहिली, पण काही येईना म्हणून धुणं धुवून बाहेर आली. दवाखान्यात सुजलेल्या उजव्या हातातली अंगठी सिस्टरनं कशीबशी काढून तिच्या हातात दिली, ती तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. डाव्या मोकळ्या हातानं सर रात्रंदिवस पलंगाची लोखंडी दांडी ठोकायचे. शेजारचे पेशंट वैतागले. सिस्टर म्हणाली, मेंदूला मार बसला की पेशंट असा अस्वस्थ होतो, नळी उपटून काढतील, हात बांधून ठेवा. काशम्मानं टॉवेल गुंडाळून हात हलकाच बांधला. घरी आणल्यावरही तेच. खाटेची लाकडी कड ठोकून ठोकून बोटांची सालटं निघाली, तेव्हा तिनं जाड सोलापुरी चादरीची घडी करून कडेला पक्की बांधून टाकली. ठोकणं चालूच राहिलं, पण आवाज बंद झाला. हे सगळं ती नीट करत होती, वेळेवर करत होती. मात्र ते करताना आपण आत आहोत असं तिला वाटत नव्हतं.

मग भाद्रपदात एका संध्याकाळी वीज गेली. काशम्मानं देवापुढची समई उचलून खोलीत आणली. पडल्यापासून कशालाही नुसतं ‘व्हय’ सोडून एकही शब्द न बोललेले सर दिव्याकडं बघून अगदी स्वच्छ म्हणाले, “ट्वायलाइट.”

तिनं लगोलग लेकीला फोन लावला. दानेश्वरी पुण्याला कंपनीत नोकरीला, आणि ती त्याच हायस्कुलात बापाच्याच वर्गात शिकलेली. तिनं तो शब्द ऐकला आणि फोनवर ओक्साबोक्शी रडू लागली. नावाड्याच्या गोष्टीतला पहिलाच शब्द तो.

सात रस्ता चौकाजवळ एका केंद्रात महेश्वरी नावाची एक मुलगी वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवायची. वयानं दानेश्वरीएवढीच, पण कामाची पक्की. आठवड्यातून दोनदा काशम्मा सरांना रिक्षात घालून तिच्याकडं न्यायची. महेश्वरीनं ट्वायलाइटची हकीकत ऐकली आणि ती खुर्चीतून उठलीच. तिनं समजावून सांगितलं की जे आयुष्यभर पुन्हा पुन्हा म्हटलेलं असतं ते कधीकधी मेंदूत वेगळ्या जागी जपून राहतं. ती वाट धरून आत शिरायचं. गोष्टीतलं वाक्य तुम्ही म्हणायचं आणि शेवटचा शब्द सरांसाठी सोडायचा. रोज, न चुकता.

“आमाला इंग्लिश कुटं येतंय, म्याडम?” काशम्मा म्हणाली.

“तुम्हीच म्हणायला हवं, काकू. त्यांना घरचा आवाज लागेल.”

अशी ती इंग्रजीत पडली. दानेश्वरी पुण्यात ऑफिसच्या बसमधून रोज थोडी थोडी गोष्ट वाचून मोबाइलवर पाठवायची. आधी वाक्य, मग कठीण शब्द सावकाश सुटा करून, मग त्याचा अर्थ, कधी मराठीत तर कधी कानडीत. काशम्मा ते भाकरी थापताना ऐकायची, शेंगा भाजताना ऐकायची, चटणी कुटताना एकेका घावाला एकेक शब्द म्हणायची. जीभ वळायची नाही. बेनेव्होलन्टवर तिचे चार दिवस गेले. लेक विचारायची, अव्वा, अर्थ कळला का? अव्वा सांगायची, कळला की, दुसऱ्याचं भलं बघणारा, म्हणजे तुझ्या अप्पांच्या आईच्या उलट. लेक हसायची. काशम्मा हसायची नाही. ती गंमत म्हणून बोलली नव्हती.

त्यातले काही शब्द मात्र तिला लागून राहिले. फॉर्लॉर्न, म्हणजे ज्याला आपलं कुणी उरलं नाही असा. डेसोलेट, म्हणजे ओसाड. आणि बिनम्ड. दानेश्वरीनं अर्थ सांगितला होता, थंडीत वल्हं मारून मारून नावाड्याची बोटं बधिर होतात, बोटं हातालाच आहेत, पण त्याला ती आपली वाटत नाहीत. काशम्मानं ते रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा ऐकलं. आपल्याला झालंय त्याला नाव आहे, आणि ते परक्या मुलखात कुणीतरी कधीच लिहून ठेवलंय, याचं तिला थोडं नवल वाटलं. किती दिवसांनी तिला काहीतरी वाटलं होतं. मग तवा तापला आणि ती पुढच्या भाकरीकडं वळली.

दुपारी ती सरांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायची आणि आपल्या कानडी वळणाच्या उच्चारात वाक्य म्हणायची. तिचे उच्चार ऐकून एरवी सरांनी डस्टर फेकून मारलं असतं. आता ते डोळे मिटून ऐकायचे आणि वाक्याच्या टोकाशी आल्यावर शब्द बरोबर ठेवून द्यायचे. फॉर्लॉर्न. डेसोलेट. बिनम्ड. पण पाणी हवं असलं तरी त्यांना पाणी म्हणता यायचं नाही. काशम्माच्या तोंडाकडं बघून ते एखादा इंग्रजी शब्द सोडायचे आणि तोच नको होता हे कळून कपाळ आवळायचे.

महेश्वरीला एवढं पुरेसं नव्हतं. ही पाठांतराची पुंजी आहे, ती म्हणाली, शब्द निघतो पण त्यामागं सरांचं मन आहे का ते कळत नाही. आपल्याला त्यांच्या मनातून निघालेला एक तरी शब्द हवा. घरातल्या जवळच्या माणसाला मारायची हाक बहुधा लवकर येते, कारण ती दिवसातून पन्नास वेळा तोंडात असते. म्हणून तिनं अगदी सुरुवातीलाच विचारलं होतं, “सर तुम्हाला कशी हाक मारायचे, काकू?”

“नावानंच की,” काशम्मा म्हणाली होती.

हे धादांत खोटं होतं.

लग्नात काशम्मानं उखाण्यात सरांचं नाव घेतलं होतं, मान खाली घालून, पण घेतलं होतं. मग बायकांनी नवरदेवाला घेरलं. सर उठले आणि खड्या आवाजात इंग्रजीतून कवितेसारखं काहीतरी म्हणाले. मांडवात कुणाला एक अक्षर कळलं नाही आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या कविताबिवितेत बायकोचं नाव कुठंच आलं नाही हे एवढ्या वऱ्हाडात एकीच्याच ध्यानात आलं, आणि ती खाली मान घालून बसलेली होती.

पुढं संसार सुरू झाला तो सासूच्या डोळ्यांखाली. बाहेरच्या खोलीत सरांच्या शिकवण्या, माजघरात सासू, स्वयंपाकघरात काशम्मा. आईदेखत आणि पोरांदेखत बायकोला हाक मारणं सरांच्या शिस्तीत बसत नव्हतं. चहा हवा असला की ते पाण्याच्या पेल्यावर अंगठी वाजवायचे, टक, टक. काशम्मा आतून ‘आले’ म्हणायची आणि जायची. सासू गेली, शिकवण्या बंद झाल्या, घरात दोघंच उरली, तरी पेला वाजतच राहिला. एकदा तिनं धीर करून विचारलं होतं, मला नाव हाय की, कदी तरी घ्या. सर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले होते, घरात तू एकटीच तर आहेस, दुसरं कोण येणार? बरोबरच होतं ते. तिनं पुन्हा विचारलं नाही.

आणि म्हणूनच महेश्वरीनं विचारलं तेव्हा ती खोटं बोलली. एक तर कोवळ्या पोरीसमोर नवऱ्याची ही तऱ्हा सांगायची तिला लाज वाटली. पण खरं कारण दुसरं होतं आणि ते तिलाही माहीत होतं. ही शिकलेली मुलगी रोज सरांकडून आपलं नाव घोकून घेणार होती. जे त्यांनी धडधाकटपणी दिलं नाही ते आजारपणात तरी त्यांच्या तोंडून एकदा ऐकावं, असा तिला लोभ सुटला. बधिर झालेल्या बाईला एवढा एक लोभ बरा शिल्लक राहिला होता.

मग दर खेपेला महेश्वरी काशम्माकडं बोट दाखवायची आणि सरांच्या पुढ्यात बसून ‘का, का’ करायची. सर तिच्या ओठांकडं बघायचे, काशम्माकडं बघायचे, घामाघूम व्हायचे. आश्विन गेला, दिवाळी गेली, कार्तिक गेला. नाव काही आलं नाही.

मार्गशीर्षात महेश्वरीनं दानेश्वरीला फोन केला आणि काशम्मासमोरच स्पष्ट सांगितलं. जी हाक आयुष्यभर तोंडात होती ती इतक्या मेहनतीनंही येत नाही, याचा अर्थ नुकसान वाटलं होतं त्याहून खोल आहे. कदाचित समोर बसलेली ही आपली बायको, हे सरांना आतून उमगतही नसेल. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा, तोपर्यंत बघू, नाहीतर हे उपचार थांबवू, उगाच तुमची ओढाताण नको. दानेश्वरी म्हणाली की मग अप्पांना पुण्यात एखाद्या सांभाळ करणाऱ्या जागी ठेवू, अव्वाच्यानं एकटीनं किती दिवस होणार.

काशम्मा हे सगळं ऐकत होती. एका शब्दानं ते थांबवता आलं असतं. म्याडम, त्यांनी माझं नाव कदी घेतलंच न्हाय, एवढं म्हणायचं होतं. ते तिच्या तोंडून निघेना. तिला वाटलं, आपली पण वाचा गेली. रिक्षात बसताना सरांचा लुळा हात तिनं त्यांच्या मांडीवर नीट ठेवला आणि घरी येऊन भाकऱ्या केल्या.

दुसऱ्याच दिवशी दानेश्वरीनं गोष्टीचं शेवटचं पान पाठवलं. धुक्यातून नावाडी पलीकडच्या काठाकडं बघतो. दिवा घेतलेली बाई ओरडत नाही, बोलत नाही, नुसता हात हलवते, आणि नावाडी नाव तिकडं वळवतो. त्यात शब्द होता बेकन्ड. लेकीच्या आवाजात अर्थ आला, “तोंडानं हाक न मारता नुसत्या हातानं बोलावलं, अव्वा.” काशम्मानं शब्द घोकला, वाक्य घोकलं. सोपं होतं. आता तिची जीभ सरावली होती.

दुपारी ती स्टुलावर बसली. वाक्य म्हणत म्हणत टोकाशी आली आणि थांबली.

“बेकन्ड,” सर म्हणाले.

महेश्वरीनं शिकवल्याप्रमाणं तिनं शाब्बास म्हटलं. गोष्ट संपली होती. उद्या म्हणायला काही नव्हतं, उद्या करायलाही फारसं काही उरलं नव्हतं. उठावं म्हणून तिनं गुडघ्यावर हात टेकला आणि कुणास ठाऊक का, सरांच्याच थाटात, सरांनी जन्मभर पोरांना विचारलं तसं विचारलं, “मीनिंग?”

आजवर तिनं त्यांना अर्थ विचारलाच नव्हता. कुणीच विचारला नव्हता. सगळ्यांना शब्दांची पडली होती.

सर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला आणि खाटेची कड ठोकली. चादरीच्या घडीवर हात पडला, आवाज झाला नाही. त्यांनी पुन्हा ठोकली. मग मान वळवून ते इकडंतिकडं शोधू लागले. खाटेजवळच्या तिपाईवर स्टीलचा पेला होता. मोठ्या कष्टानं हात तिथवर नेऊन त्यांनी वाकवलेल्या बोटाच्या पेरानं पेल्यावर मारलं. टक. टक.

काशम्मानं सवयीनं पेला उचलून त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी तोंड फिरवलं. तिनं पेला परत तिपाईवर ठेवला. त्यांनी पुन्हा वाजवला, टक, टक, आणि या खेपेला ते पेल्याकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते.

तेव्हा तिला कळलं. तोंडानं नाही, नुसत्या हातानं. सरांनी अर्थ सांगितला होता, पोरांना सांगायचे तसा उदाहरणासकट.

आणि त्यामागोमाग दुसरं कळलं. दवाखान्यातली लोखंडी दांडी. रात्रंदिवस चाललेलं ते ठोकणं. अंगठी नव्हती, पेला नव्हता, हातही उजवा नव्हता, म्हणून तिला तो आवाज ओळखू आला नव्हता. पडल्यापासून हा माणूस आपल्याला एकाच हाकेनं बोलावत होता, त्याच्याजवळ होती तेवढ्याच हाकेनं. ज्या बाईनं सगळा संसार त्या हाकेवर धावण्यात घालवला, तिनं तो हात टॉवेलनं बांधला होता. घरी आणून खाटेला चादर बांधली होती, आवाज येऊ नये म्हणून.

ती खाली बसली आणि चादरीच्या गाठी सोडायला लागली. गाठी पक्क्या होत्या, तिनंच मारलेल्या. सुटेनात म्हणून तिनं दात लावले. तिला रडू आलं नाही. राग आला. आधी स्वतःचा आला, मग सिस्टरचा आला, मग खाटेवरच्या माणसाचा आला. साहेबाच्या देशातले डोंगराएवढे शब्द पाठ आणि बायकोचं तीन अक्षरी नाव कधी तोंडात घेतलं नाही. घेतलं असतं तर आज ते आत कुठंतरी सापडलं असतं. आपण धुंडाळतोय ती वस्तू त्या घरात कधी ठेवलेलीच नव्हती. ती हे सगळं मोठ्यानं बोलत होती, कानडीत, आणि सर ऐकत होते आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडं ओघळत होतं.

दुसऱ्या खेपेला केंद्रात गेल्यावर सर खुर्चीत नीट बसायच्या आधीच काशम्मा महेश्वरीला म्हणाली, “म्याडम, मी खोटं बोलले. सरांनी मला कदीच नावानं हाक मारली न्हाय.”

महेश्वरीनं फाईल मिटली. मग कशी मारायचे, असं तिनं विचारलं. काशम्मानं पेल्याचं सांगितलं, लाजत सांगितलं, जणू चूक तिचीच होती. दांडीचं आणि टॉवेलचंही सांगितलं. ती पोर सगळं ऐकून उठली. तिनं टेबलावरचा स्वतःचा पाण्याचा पेला सरांच्या डाव्या हाताशी आणून ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही बाहेर जाऊन थांबा, काकू. मी त्यांना काही सांगणार नाही. बघू या.”

काशम्मानं पदराची गाठ सोडली. श्रावणापासून तिथं असलेली अंगठी तिनं सरांच्या डाव्या हाताच्या बोटात घातली. जरा सैल झाली. सरांनी बोट वाकवून ती धरून ठेवली.

बाहेर बाकावर माणसं बसली होती. मांडीवर मूल घेतलेली एक बाई सरकली आणि तिनं काशम्माला जागा दिली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून महेश्वरीच्या खुर्चीचा आवाज आला, मग काहीच नाही. आता नाही जमलं तर जत्रेनंतर पुणं, हे काशम्माला ठाऊक होतं. तिनं हात मांडीवर ठेवले. ते तिचेच होते, पिठानं भेगाळलेले.

टक, टक.

आजवर पहिल्या आवाजाला ती उठलेली असायची, हातातलं टाकून, कधी भाजलेल्या बोटासकट. आज ती उठली नाही. नाव नव्हतं ते नव्हतंच, आणि आता ते कधी येणार नाही हेही तिला कळून चुकलं होतं. पण ही हाक तिचीच होती, दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि तिला ती आणखी एकदा ऐकायची होती. आत क्षणभर शांतता झाली. मग पुन्हा, जरा जोरात, जरा चिडून, टक, टक, टक. वर्गात उशिरा उत्तर देणाऱ्या पोरावर चिडायचे तसे सर चिडले होते.

शेजारची बाई तिच्या तोंडाकडं बघून घाबरली. काय झालं, का रडायला लागलात, म्हणून विचारू लागली. काशम्मानं गालाला हात लावून बघितला, तो ओला होता.

“काय न्हाय,” ती म्हणाली. “आमचे सर हायत आत. मला बोलवायलेत.”

मग ती उठली, ‘आले’ म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.